आकडे काढले तर वशिला शिरेल का?

पत्र: मी कोकणातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात संशोधन समितीची समन्वयक आहे. शिक्षकांच्या छोट्या प्रकल्पांसाठी संस्था दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढते. गेल्या वर्षी २६ अर्ज आले, पैसे पुरले सात जणांना. निवड गुणांवर झाली: निम्मे गुण नियतकालिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरला (त्यांतल्या लेखांचे सरासरी किती संदर्भ दिले जातात तो आकडा), उरलेले एच-इंडेक्स (संशोधकाचे पेपर आणि त्यांचे संदर्भ यांवरून काढलेला आकडा) आणि पेपरांच्या संख्येला. सातपैकी सहा जण नॅनोमटेरियलवर काम करणारे निघाले. सड्यावरच्या, म्हणजे कातळ-पठारावरच्या, वनस्पतींचा अभ्यास करणारे आमचे सर, संगमेश्वरी बोलीतल्या ओव्या ध्वनिमुद्रित करणारी मराठीची सहकारी आणि बाळंतपणानंतर परतलेली संख्याशास्त्राची प्राध्यापिका, तिघंही पहिल्याच चाळणीत बाद झाले. यंदा जाहिरात निघण्याआधी ही पद्धत बदलावी असं मला वाटतं. पण समितीतले ज्येष्ठ म्हणतात, ‘आकडे काढले की वशिला आलाच.’ प्राचार्यांना नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, काळजी. मी काय करू?

उत्तर:

प्रिय मॅडम,

ज्येष्ठांच्या बोलण्यापासूनच सुरुवात करते, कारण तो मुद्दा सुटला नाही तर तुमची नवी पद्धत कितीही चांगली असली तरी समितीच्या बैठकीत अडकेल. त्यांची भीती खोटी नाही. ‘हा आपल्या सरांचा विद्यार्थी’ एवढ्या एका वाक्यावर प्रकल्प मंजूर होताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आकड्यांचा आधार वाटणारच. पण आकड्यांनी वशिला खरंच थांबतो का, हे तपासून पाहिलं गेलं आहे. ते त्यांच्यापुढे ठेवा.

स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे १९९५ साली पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या) फेलोशिपसाठी ११४ अर्ज आले होते. क्रिस्टीन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांनी परीक्षकांनी दिलेले गुण पाहायला मागितले. परिषदेने नकार दिला, तेव्हा त्या न्यायालयात गेल्या आणि गुणपत्रकं मिळवली. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. प्रत्येक अर्जदाराच्या प्रकाशनांची यादी परीक्षकांसमोर होती, तरीही पुरुषाइतके गुण मिळवायला बाईला सुमारे अडीचपट काम दाखवावं लागत होतं. ‘नेचर’ किंवा ‘सायन्स’सारख्या नियतकालिकात तीन पेपर जादा असते, तर कुठे तो फरक भरून निघाला असता. दुसरा निष्कर्ष तुमच्या समितीसाठी जास्त महत्त्वाचा आहे. समितीतल्या एखाद्या सदस्याशी लागेबांधे असलेल्या अर्जदारांना घसघशीत जादा गुण मिळाले होते, आणि ते त्या सदस्याने दिलेले नव्हते. नियमाप्रमाणे तो बाजूलाच बसला होता. दिले ते उरलेल्यांनी.

म्हणजे प्रकाशनांची यादी टेबलावर असतानाही वशिला आत आला, आणि संबंधित माणूस बाजूला बसूनही तो थांबला नाही. पकडला गेला तो गुणपत्रकं उघडी झाल्यामुळे. गंमत म्हणजे वेनेरोस आणि वोल्ड यांनीही आकडेच वापरले, अगदी इम्पॅक्ट फॅक्टरसुद्धा. पण त्यांनी त्या आकड्यांनी समितीचं वागणं तपासलं. तुम्हाला माझं मुख्य सांगणं हेच आहे: आकडे फेकून देऊ नका, त्यांचा रोख अर्जदारावरून काढून समितीवर धरा. हे कसं करायचं ते पुढे सांगते.

आधी तुमच्या गेल्या वर्षीच्या गुणतक्त्याबद्दल. समितीतल्या प्रत्येकाला एकदा इम्पॅक्ट फॅक्टर कसा काढतात ते विचारून पाहा. २०२४ चा आकडा काढायचा तर त्या नियतकालिकात २०२२ आणि २०२३ मध्ये आलेल्या मजकुराचे २०२४ मध्ये किती वेळा संदर्भ दिले गेले ते मोजायचं, आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचं. झाली सरासरी. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये जी कल्पना मांडली तिचा पुढे उपयोग झाला तो कोणती नियतकालिकं सूचीत घ्यायची आणि ग्रंथालयांनी कोणती मागवायची हे ठरवायला. एका माणसाचं एक काम तोलायला ती केलेलीच नव्हती. खुद्द ‘नेचर’ने २००५ मध्ये संपादकीयात लिहिलं की त्यांच्या आदल्या वर्षीच्या इम्पॅक्ट फॅक्टरमधले ८९ टक्के संदर्भ फक्त २५ टक्के पेपरांनी मिळवून दिले होते. शाळेचा निकाल ९५ टक्के लागला म्हणून तिथल्या प्रत्येक मुलाच्या गुणपत्रिकेवर ९५ लिहावेत, असाच हा हिशेब.

त्यात विषयाविषयातलं अंतर वेगळं. संशोधन तोलताना आकडे कसे वापरावेत हे सांगणाऱ्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यात एक साधं उदाहरण दिलं आहे: गणितातल्या अव्वल नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर ३ च्या आसपास असतो, पेशीजीवशास्त्रातल्या अव्वल नियतकालिकांचा ३० च्या आसपास. दोन्ही अव्वलच, आणि फरक दहापट. तुमच्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापिकेला आणि नॅनोमटेरियलवाल्या सहकाऱ्याला एकाच रकान्यात मोजलं, तिथेच निकाल ठरून गेला होता. अर्ज कुणी उघडण्याआधीच.

सड्यावरच्या सरांचं मला विशेष वाईट वाटलं. वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्यांवर ही मोजणी दुहेरी अन्याय करते, आणि तो समितीतल्या रसायनशास्त्रज्ञांना सहसा माहीत नसतो. नवी प्रजाती शोधली की तिच्या शास्त्रीय नावामागे ती नोंदवणाऱ्याचं नाव कायमचं लागतं. नंतरचे अभ्यासक ती प्रजाती वापरतात, नावासकट लिहितात, पण संदर्भसूचीत मूळ पेपर बहुधा घालत नाहीत. काम वापरलं जातं आणि मोजलं जात नाही. शिवाय दोन वर्षांच्या मुदतीत या कामाचं काय दिसणार? पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. आजही सह्याद्रीत वनस्पती ओळखायला निघालेला अभ्यासक तो उघडतो. ज्या कामाचं आयुष्य शंभर वर्षांचं आहे, त्याला दोन वर्षांच्या मापाने मोजून शून्य देणं हे शास्त्रालाही धरून नाही.

ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी पुण्यात राहून गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या कामाचं फळ म्हणजे तो संग्रह. किती पेपर झाले, हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या सॅन फ्रान्सिस्को घोषणेत, जिला सगळे ‘डोरा’ म्हणतात, हे स्पष्ट लिहिलं आहे: नियतकालिकाचा आकडा व्यक्तीचं काम तोलायला वापरू नका, निधी देताना तर नकोच, आणि पेपरांबरोबर माहितीसंग्रह, सॉफ्टवेअर यांनाही संशोधनाचं फलित धरा. आपल्याकडे जैववैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्सने त्यावर सही केली आहे. ज्येष्ठांना ही परदेशी फॅशन वाटली तर हे सांगायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

कॅनडाच्या आरोग्य संशोधन संस्थेने मध्यंतरी निधीच्या दोन योजना चालवल्या. एकीत परीक्षकांनी मुख्यतः प्रस्ताव पाहायचा, दुसरीत अर्जदाराचा दर्जा. या निर्णयांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्रस्ताव पाहिला तिथे पुरुष आणि स्त्रियांच्या यशात जेमतेम ०.९ टक्क्याचा फरक होता. माणूस पाहायला सांगितलं तिथे तो ४ टक्क्यांवर गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनीही (एनआयएच) २०२५ च्या जानेवारीपासून बहुतेक प्रकल्प-अर्जांसाठी संशोधकाला आणि त्याच्या संस्थेला गुण देणं थांबवलं आहे. हे काम पार पाडण्याइतकी तयारी आहे का, एवढंच पाहायचं. म्हणून तुमचा अर्ज दोन भागांत करा, आणि पहिला भाग बिननावाचा ठेवा.

या पहिल्या भागात दोनच पानं. प्रश्न काय आहे, त्याबद्दल आजवर काय माहीत आहे, तुम्ही नेमकं काय करणार, पैसे कशावर लागणार, आणि कुठे फसू शकतं. शेवटचा प्रश्न वगळू नका. ज्याने विषयाचा खरा विचार केला आहे त्याला आपलं काम कुठे अडेल हे सांगता येतं. दुसऱ्यांचं वाचून अर्ज भरणाऱ्याला तिथे चार ओळीही सुचत नाहीत. मराठीतून लिहिण्याची मुभा हवीच. इंग्रजी सफाईदार आहे म्हणून एखाद्याचा प्रस्ताव उजवा वाटतो, हे मी निवड समित्यांवर वारंवार पाहिलं आहे.

दुसऱ्या भागात अर्जदाराने स्वतः निवडलेली तीनच कामं. पेपर असो, संग्रह असो, शेतकऱ्यांनी वापरलेली पद्धत असो, विद्यार्थ्यांच्या हातून झालेलं सर्वेक्षण असो. प्रत्येकाबद्दल पाच ओळी: यातून नवं काय कळलं, त्यात माझा वाटा काय, ते कुणाच्या उपयोगी पडलं. नियतकालिकाचं नाव लिहायचं नाही. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीने २०१९ पासून अशा वर्णनात्मक परिचयाचा आग्रह धरला आणि तिथल्या सरकारी निधीसंस्थांनी तो उचलला. त्याचा एक दोष आहे: स्वतःबद्दल ठासून लिहिणारा माणूस त्यात पुढे जातो, संकोची मागे पडतो. म्हणून मोकळं निवेदन मागू नका, प्रश्न आणि शब्दमर्यादा ठरवून द्या. आणि संशोधनाला प्रत्यक्ष किती वर्षं मिळाली, हा एक रकाना घाला. बाळंतपण, आजारपण, घरातल्यांची शुश्रूषा ही वर्षं त्यातून वजा. युरोपीय संशोधन परिषद नव्या संशोधकांच्या पात्रतेची मुदत आईसाठी प्रत्येक मुलामागे १८ महिने वाढवते. तुमच्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापिकेला निदान एक रकाना द्या. आठवड्याला १६ तास शिकवून उरलेल्या वेळात संशोधन करणाऱ्या कुणाचंही काम मोजताना तो वेळ विचारात घ्यायला हवा.

तुम्ही म्हणाल, नाव झाकून काय उपयोग, सड्याचा अर्ज कुणाचा हे शिपाईसुद्धा सांगेल. बरोबर आहे. एका महाविद्यालयात नाव झाकणं बहुधा दिखाव्यापुरतंच राहतं. म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाशी बोला. तुमचे अर्ज त्यांचे शिक्षक वाचतील, त्यांचे तुमचे. पैसे कुणाचेही इकडचे तिकडे होत नाहीत. २६ अर्ज आणि प्रत्येकी दोन पानं म्हणजे ५२ पानं. प्रत्येक अर्ज तिघांनी वाचायचा आणि वाचणारे सहा असले तर एकेकाच्या वाट्याला १३ अर्ज येतात. दोन संध्याकाळींचं काम.

तीन वाचक का, तर एकाचं मत फार डळमळीत असतं. अमेरिकेत एका अभ्यासात ४३ परीक्षकांना एनआयएचचे २५ अर्ज वाचायला दिले होते. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: एकाच अर्जाबद्दल परीक्षकांचं आपसात जवळजवळ एकमत नव्हतं, ना गुणांत, ना शेऱ्यांत. ही माणसं बेजबाबदार नव्हती. चांगल्या प्रस्तावांमध्ये फरक करणं मुळातच इतकं अवघड आहे. त्यामुळे वाचण्याआधी सगळ्यांनी मिळून दोन जुने अर्ज तपासा आणि ‘चांगलं’ कशाला म्हणायचं यावर बोलून घ्या. गुण बैठकीच्या आदल्या दिवशी लेखी जमा करा. बैठकीत सगळ्यात कनिष्ठ सदस्याने आधी बोलायचं, अध्यक्षांनी शेवटी. हे फार साधं वाटतं, पण आपल्याकडे अध्यक्षांनी ‘हा अर्ज बरा आहे’ असं म्हटल्यावर पुढची चर्चा कशी होते हे तुम्हाला ठाऊक आहे. मी एका समितीत पाहिलेलं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे: दुपारची वेळ, भिंतीवर एक्सेलचा तक्ता, आणि सगळ्यांची नजर शेवटच्या रकान्यातल्या बेरजेवर. टेबलावर प्रस्तावांचा गठ्ठा होता. त्याची दोरी सुटली नाही.

आणि ७१.४ वरचा, ७०.९ खालचा, असं करू नका. वाचणाऱ्यांनी तीनच गट करावेत: द्यायलाच हवा, देता येईल, नको. समजा पहिल्या गटात चार आले आणि तिसऱ्यात दहा गेले. मधले बारा उरले आणि जागा तीन. इथेच वशिल्याला खरी संधी असते, कारण गुणवत्तेने फरक करता येत नाही आणि कुणाला तरी निवडायचं असतं. मग ‘त्यांना मागच्या वेळी मिळालं नव्हतं’, ‘ते निवृत्त होताहेत’, ‘ट्रस्टींनी विचारलं होतं’ ही वाक्यं सुरू होतात. या बारांची सोडत काढा.

हे ऐकून समितीत गलका होईल. होऊ द्या. म्हाडाची घरं, शाळांचे आरटीई प्रवेश, प्रभागांचं आरक्षण, आपल्याकडे जिथे सगळे पात्र आणि जागा कमी असतात तिथे सोडतच निघते, आणि प्रभागांच्या चिठ्ठ्या तर शाळकरी मुलांच्या हातून काढतात. संशोधनातही हे नवं राहिलेलं नाही. न्यूझीलंडची आरोग्य संशोधन परिषद २०१३ पासून ‘एक्सप्लोरर’ अनुदानं अशीच देऊ लागली: नावं झाकलेले प्रस्ताव वाचून पात्र ठरवायचे आणि पात्रांतून सोडत. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान निधीने, जिथे दोन अर्जांत फरक करता येत नाही तिथे सोडतीचा मार्ग घेतला. ब्रिटिश अकादमीने २०२२ पासून छोट्या अनुदानांसाठी ती सुरू केली. मुद्दा हा, की सोडत गुणवत्तेच्या जागी येत नाही. गुणवत्तेचा निर्णय वाचून आधीच झालेला असतो. वाचणाऱ्यांची नजर जिथे पोहोचत नाही, तेवढाच तुकडा चिठ्ठीवर सोडायचा. ज्या ज्येष्ठांना वशिल्याची चिंता आहे, त्यांनाच चिठ्ठी काढायला बोलवा.

निवड झाल्यावर प्रत्येक अर्जदाराला तीन ओळींचं लेखी कारण द्या, नाकारलेल्याला तर नक्कीच. सोडतीत गेला असेल तर तसं स्पष्ट लिहा. ‘तुमचा प्रस्ताव पात्र होता, चिठ्ठीत नाव आलं नाही’ हे वाक्य माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायला लावतं.

आणि आता ते आकडे, जे मी समितीवर धरा म्हटलं होतं. दरवर्षी एक पानाचा तक्ता सूचनाफलकावर लावा: कोणत्या विभागातून किती अर्ज, किती मंजूर, स्त्रिया किती, पुरुष किती, पहिल्यांदा अर्ज करणारे किती, समिती-सदस्याचे सहलेखक किंवा माजी विद्यार्थी किती, आणि त्यातले किती निवडले गेले. शेवटचा रकाना कुणी वगळू पाहील, तिथे ठाम राहा. वशिला मोजण्याचा तोच एक रकाना आहे. सात जागांमध्ये एका वर्षात काही सिद्ध होणार नाही, पण तीन-चार वर्षांचे तक्ते शेजारी लावले की जे काही असेल ते दिसू लागेल. गेल्या वर्षीचा तक्ता आजच करून पाहा. सातपैकी सहा एकाच क्षेत्रातले, हे फलकावर लागलं असतं तर ज्येष्ठांनाही आकड्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल प्रश्न पडला असता.

राहता राहिले प्राचार्य. त्यांची अडचण खरी आहे. नॅकला प्रकाशनांची संख्या द्यावी लागते, ती त्यांनी जरूर द्यावी. झालेल्या कामाची मोजदाद वेगळी, आणि पुढच्या कामाला पैसे देताना करायचा विचार वेगळा. मोजणी आणि बक्षीस एकत्र बांधल्यावर काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. यूजीसीने २०१० मध्ये शिक्षकांच्या बढत्या एपीआयच्या, म्हणजे प्रकाशनं वगैरे मोजून काढलेल्या कामगिरीच्या, गुणांना जोडल्या आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. मग मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली. पुण्यात डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ती तपासली, तेव्हा विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कुठल्याही मोठ्या सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार असावीत असं दिसलं. मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली गेली. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालणारी ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची नवी यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने तीही बंद केली. आता दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवरच आहे. प्राचार्यांना सांगा, की यादीकडे बोट दाखवण्याची सोय उरलेली नाही. वाचून निर्णय घेण्याची लेखी पद्धत आपल्याकडे तयार आहे, हे तपासणीला आलेल्या समितीपुढे ठेवता येईल.

वर्षअखेरीचा अहवाल मागताना ‘किती पेपर झाले’ हा पहिला प्रश्न ठेवू नका. काय करून पाहिलं, काय जमलं नाही, पुढच्या माणसाला काय टाळता येईल, हे विचारा. छोटी रक्कम करून पाहण्यासाठीच असते. पेपरांची अट घातली, की ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असाच प्रश्न लोक निवडतात.

सगळं एका वर्षात जमलं नाही तरी तीन गोष्टी यंदाच करा: बिननावाची दोन पानं, मधल्या गटाची सोडत आणि फलकावरचा तक्ता. शेजारच्या महाविद्यालयाशी अदलाबदल पुढच्या वर्षी झाली तरी चालेल, पण बोलणी आत्ताच सुरू करा, परीक्षांच्या धामधुमीत कुणी फोन उचलत नाही. आणि जाहिरात निघण्याआधी अर्जाचा मसुदा मला पाठवा. प्रश्नांची भाषा आणि शब्दमर्यादा पाहून मी लगेच कळवते.